संगणक, वीज आणि ई-कचरा: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

संगणक दुरुस्तीच्या कामात माझी वीसएक वर्षं गेली. पूर्वी लोक विचारायचे, ‘व्हायरस कसा काढू?’ आता विचारतात, ‘हा ठेवू की टाकू? टाकायचा तर कुठे?’ हा बदल मला फार मोलाचा वाटतो, म्हणून नेहमी येणारे प्रश्न लोकांच्याच शब्दांत इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत हिशोब येतील. तिथे माप एकच धरलं आहे: ग्रिडमधून एक युनिट वीज घेतली की सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो (पुढे त्यालाच नुसतं ‘कार्बन’ म्हटलं आहे). केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशासाठीचा आकडा याच्याच आसपास असतो. ऑफिसचा वापर वर्षाला ३०० दिवस, रोज ८ तास असा धरला आहे.

१. संगणकामुळे प्रदूषण होतं म्हणजे नेमकं काय? धूर तर कुठे दिसत नाही.

धूर निघतो, पण आपल्या टेबलापासून लांब. महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर तयार होते. एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तिथली हवा श्वासात घेणाऱ्यांना संगणकाचा धूर कुठे असतो हे सांगावं लागत नाही.

वापरातली वीज हा मात्र एकच भाग झाला. त्याआधी यंत्र बनतं. तांबं, कोबाल्ट, टँटलम, सोनं खाणीतून काढावं लागतं, आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यांना अखंड वीज, अतिशुद्ध पाणी आणि घातक रसायनं लागतात. शेवटी यंत्र टाकलं जातं, तेव्हा त्यातलं शिसं, पारा, कॅडमियम कुठेतरी माती-पाण्यात उतरतं. बनवणं, वापरणं आणि टाकणं या तिन्हींचा विचार एकत्र केला नाही तर एका बाजूचं वाचवताना दुसरीकडे जास्त घालवून बसतो. प्रश्न ५ मधला गोंधळ त्यातूनच होतो.

२. घरचा संगणक वर्षाला किती वीज खातो?

साधं लिखाण, हिशोब, इंटरनेट एवढंच काम असेल तर डेस्कटॉप आणि एलईडी मॉनिटर मिळून साधारण १०० वॉट ओढतात. लॅपटॉप पडद्यासकट २५ वॉटच्या आसपास असतो. ऑफिसच्या वापराने डेस्कटॉपची वर्षाला २४० युनिट होतात, म्हणजे १६८ किलो कार्बन. लॅपटॉपची होतात ६० युनिट, म्हणजे ४२ किलो. गेमिंगचं ग्राफिक कार्ड असलेलं यंत्र याच्या तिप्पट-चौपट सहज जातं.

तुमच्या यंत्राचा खरा आकडा हवा असेल तर प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा छोटा वीजमीटर मिळतो, तो आठवडाभर लावून ठेवा. एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर, छापलेले ४५० वॉट पाहून घाबरू नका. ती त्याची कमाल ताकद असते, रोजचा खप नव्हे.

३. रोज बंद करावा की स्लीपवर ठेवला तरी चालेल? सारखा चालू-बंद केल्याने खराब होतो म्हणतात.

दुपारी जेवायला उठताना स्लीप, संध्याकाळी घरी निघताना शटडाउन. स्लीपमध्ये चांगला संगणक एक ते तीन वॉट घेतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. विजेचा भरवसा नसेल तर हायबरनेट बरं. त्यात उघडी कामं डिस्कवर लिहिली जातात आणि यंत्र पूर्ण बंद होतं.

चालू-बंद केल्याने खराब होण्याची भीती जुन्या काळातली आहे. दिवसातून दोनचार वेळा बंद-चालू केल्याने आजच्या यंत्राला काही होत नाही. उलट रात्रभर चालू ठेवलेल्या यंत्राचे पंखे झिजतात आणि आत धूळ साठते. माझ्याकडे ‘गरम होतो’ म्हणून येणाऱ्या डेस्कटॉपमधून काढलेल्या धुळीने एकेकदा वाटी भरते.

४. स्क्रीनसेव्हर आणि डार्क मोडने वीज वाचते का?

स्क्रीनसेव्हरने मुळीच नाही. काचेच्या जुन्या मॉनिटरवर एकच चित्र राहून डाग पडू नये म्हणून तो आला होता. आज तो चालू असताना पडदाही जागा असतो आणि प्रोसेसरही. त्याऐवजी पाच मिनिटांनी पडदा बंद व्हावा अशी सेटिंग करा. डार्क मोडचा फायदा ओएलईडी पडद्यावर होतो, कारण तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. साध्या एलसीडीत मागचा दिवा तसाच जळत असतो. तिथे ब्राइटनेस कमी करणं हाच उपाय.

५. जुना संगणक जास्त वीज खातो. मग नवा घेणं पर्यावरणाला चांगलं नाही का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर एका शब्दात देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हिशोब करावा लागतो.

मोठ्या कंपन्या आपल्या मॉडेलांची कार्बन-पत्रकं प्रसिद्ध करतात. साध्या लॅपटॉपचा जन्मापासून शेवटपर्यंतचा आकडा बहुधा २०० ते ३०० किलोंच्या मध्ये असतो आणि त्यातला मोठा वाटा तो बनवण्यातच खर्च झालेला असतो. आपण बनवण्याचे २०० किलो धरू. म्हणजे तुम्ही खोका उघडण्याआधीच हे २०० किलो हवेत गेलेले असतात. रोज ८ तास वापरला तरी त्या लॅपटॉपची वीज तेवढा कार्बन सोडायला जवळजवळ पाच वर्षं घेते. म्हणूनच दर तीन वर्षांनी लॅपटॉप बदलणं मला मनापासून खटकतं. नवा कितीही कमी वीज खात असला तरी जुना लॅपटॉपही मुळात ६० युनिटच खात होता. वाचणार किती?

डेस्कटॉपचं गणित वेगळं निघतं. ऑफिसात दिवसभर चालणारा डेस्कटॉप काढून लॅपटॉप आणला तर वर्षाला १६८ वजा ४२, म्हणजे १२६ किलो वाचतात. बनवण्याचे २०० किलो दीडपावणेदोन वर्षांत फिटतात. आपली वीज कोळशाची असल्यामुळे हे असं होतं. फ्रान्समध्ये, जिथे बहुतांश वीज अणुऊर्जेची आहे, हाच बदल करण्यात फारसा अर्थ उरणार नाही. म्हणून परदेशी लेखातला ‘कधीच बदलू नका’ हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

आता तोच डेस्कटॉप घरात आहे आणि दिवसातून तासभर बँकेच्या कामाला लागतो. वर्षाला तो ३६ युनिट खातो. लॅपटॉप आणला तर वाचतील २७ युनिट, म्हणजे १९ किलो. बनवण्याचा कार्बन फिटायला दहा वर्षांहून जास्त! हा संगणक मोडेपर्यंत वापरावा.

काचेचा जाडजूड सीआरटी मॉनिटर अजून कुणाकडे असेल तर तो मात्र बदला. तो ७५ वॉटच्या घरात खातो, एलईडी २० वॉटमध्ये भागवतो. आणि बदली म्हणून नवाच हवा असं नाही, वापरलेले एलईडी मॉनिटर कुठल्याही शहरात मिळतात.

६. लॅपटॉप इतका हळू झालाय की रडू येतं. यात काही जीव उरलाय का?

बहुतेक वेळा उरलेला असतो. सात-आठ वर्षांचा लॅपटॉप असेल तर आत फिरती हार्ड डिस्क आहे का ते आधी बघा. ती काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) बसवली की चालू व्हायला दोन-तीन मिनिटं घेणारं यंत्र अर्ध्या मिनिटात उठतं. लोकांचा विश्वास बसत नाही की हा तोच लॅपटॉप आहे. रॅम चार जीबी असेल तर आठ करा. पंख्यातली धूळ काढून प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) नवी लावा. एवढ्यावर आणखी चार वर्षं निघतात, आणि खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतो.

मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य सर्किट बोर्ड, गेला असेल तर मात्र दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट विचारा की पुन्हा जाण्याची शक्यता किती. खरं बोलणारा माणूस दोन पैसे जास्त घेत असला तरी त्याच्याकडेच जा.

७. विंडोज १० बंद झालं. आमचा संगणक विंडोज ११ घेत नाही. आता तो कचराच का?

या एका प्रश्नाने लाखो धडधाकट यंत्रं भंगारात जाऊ शकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. यंत्र चालतं, पण नव्या हल्ल्यांपासून संरक्षण मिळत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो (एएमडीचीही अशीच अट आहे). त्यामुळे ढोबळमानाने २०१८च्या आधीची यंत्रं बाहेर पडतात. पण आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम नुसतं बंद ठेवलेलं नाही ना, ते तपासा. असे कितीतरी संगणक माझ्याकडे ‘बाद’ म्हणून आले आणि एक सेटिंग बदलून परत गेले.

चिप खरंच नसेल तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. त्यापुढचा टिकाऊ रस्ता म्हणजे लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. लिनक्स मिंट विंडोजची सवय असलेल्याला दोन दिवसांत जमतं, आणि सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने आपल्या देशासाठी बनवलेलं बॉस लिनक्सही आहे. ब्राउझर, व्हिडिओ, लिखाण, हिशोबाचे तक्ते यांत काही अडत नाही. युनिकोड मराठी इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डने टाइप करता येते.

अडतं कुठे, तेही सांगायला हवं. हिशोबाचं टॅली, पानं लावायचं पेजमेकर, श्री-लिपीचे जुने फॉन्ट, ई-टेंडरला लागणारी डिजिटल सहीची काही टोकन: ही कामं विंडोजवरच सुरळीत होतात. छापखानेवाल्यांची वीस-वीस वर्षांची लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची पानं त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, ती लिनक्सवर उघडणं म्हणजे डोक्याला ताप. त्यांना मी सांगतो, हे यंत्र इंटरनेटपासून तोडा आणि फक्त पानं लावायला ठेवा. फायली पेनड्राइव्हने न्या-आणा, मेल दुसऱ्या यंत्रावर बघा. अशी मशिन अजून पाच वर्षं जातात.

८. नवाच घ्यायचा आहे. काय बघून घ्यावा?

दुकानात एकच प्रश्न आधी विचारा: रॅम आणि एसएसडी पुढे बदलता येईल का? हल्लीच्या कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर डाखलेली असते. आज आठ जीबी घेतली तर शेवटपर्यंत आठच. बॅटरी स्क्रूने बसवलेली आहे की चिकटवलेली, सुटे भाग आणि सर्व्हिस तुमच्या जिल्ह्यात मिळते का, हेही विचारा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं स्टार लेबल लॅपटॉपवर ऐच्छिक आहे. असेल तर जरूर बघा, पण त्याआधी दुरुस्ती किती सोपी आहे ते बघा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२पासून आहे. कंपन्यांची दुरुस्तीची, वॉरंटीची माहिती तिथे एकत्र मिळते.

गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊ नका. दहावीच्या मुलीला अभ्यासाला गेमिंग लॅपटॉप लागत नाही.

९. वापरलेला, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेणं शहाणपणाचं आहे का?

रिफर्बिश्ड म्हणजे वापरलेला, पण तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला. मी घरच्यांसाठी तेच घेतो. बड्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर घेतात आणि मुदत संपली की परत करतात. ती यंत्रं व्यावसायिक दर्जाची असतात, उघडायला सोपी आणि दणकट. बनवण्याचा कार्बन आधीच खर्च झालेला असल्याने प्रश्न ५ मधले २०० किलो जवळजवळ वाचतात. घेताना बॅटरीची उरलेली क्षमता बघा, सगळी पोर्ट तपासा, पावती आणि किमान सहा महिन्यांची हमी घ्या. आणि आठव्या पिढीच्या आधीचा घेणार असाल तर प्रश्न ७ वाचूनच घ्या.

१०. राउटर आणि यूपीएस चोवीस तास चालू असतात. त्याचं काय?

त्यांच्याकडे सगळ्यांचाच कानाडोळा होतो. दहा वॉटचा राउटर वर्षभरात ८७ युनिट खातो, म्हणजे दिवसभर वापरलेल्या लॅपटॉपपेक्षा जास्त! रात्री आठ तास बंद ठेवला तर २९ युनिट वाचतात. अर्थात घरात आजारी माणूस असेल, रात्री फोन वाय-फायवरून येत असतील, तर चालूच ठेवा.

यूपीएस काम नसतानाही थोडी वीज पीत राहतो. संध्याकाळी संगणकाबरोबर त्याचंही बटण बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल आणि लॅपटॉप वापरत असाल तर वेगळ्या यूपीएसची गरजच नसते. दर दोन-तीन वर्षांनी एक शिशाची बॅटरीही वाचते.

११. आमच्या ऑफिसात वीस संगणक आहेत. सुरुवात कुठून करू?

भिंतीवरच्या बटणापासून. वीस डेस्कटॉप रात्री चालू राहत असतील, प्रत्येकी ६० वॉट, सोळा तास, तर ३०० दिवसांत ५,७६० युनिट होतात. दर दहा रुपये धरला तरी ५७,६०० रुपये आणि चार टन कार्बन, कुणी काही काम न करता. सगळ्या यंत्रांवर दहा मिनिटांनी स्लीप ही सेटिंग नेटवर्कवरून एकदाच लावता येते.

दुसरी गोष्ट एसी. संगणकात गेलेली जवळजवळ प्रत्येक वॉट उष्णता होऊन खोलीत उतरते आणि एसीला ती बाहेर फेकावी लागते. संगणकांनी तीन युनिट घेतली की एसी त्यांच्यासाठी अंदाजे एक युनिट जादा घेतो. म्हणजे संगणकाची वीज वाचली की एसीची आपोआप वाचते. विदर्भातल्या मे महिन्यात हा फरक बिलात डोळ्यांना दिसतो.

प्रिंटर प्रत्येकाच्या टेबलावर नको, मजल्याला एक पुरे. दोन्ही बाजूंनी छपाई हीच नेहमीची सेटिंग ठेवा.

१२. जुने ई-मेल आणि फोटो काढून टाकले तर पर्यावरणाला मदत होते, असा मेसेज फिरतोय. खरं आहे का?

परिणाम नगण्य आहे. ऑगस्ट २०२५मध्ये इंग्लंडात दुष्काळ पडला तेव्हा पाणी वाचवण्यासाठी जुने मेल काढण्याचा सल्ला सरकारी यंत्रणेनेच दिला होता आणि त्यावर जाणकारांनी टीका केली. नुसत्या पडून राहिलेल्या मेलला फारच थोडी वीज लागते. दोन तास बसून मेल निवडण्यात तुमचा संगणकच जास्त खाईल.

व्हिडिओचंही तसंच. बहुतांश वीज आपल्याच पडद्यात जाते. तोच सिनेमा मोठ्या टीव्हीवर शंभर वॉट घेतो, फोनवर एक-दोन वॉट. कुणी बघत नसताना टीव्ही बंद करणं हे हजार मेल काढण्यापेक्षा मोठं काम आहे.

१३. एआयला प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी जातं म्हणतात. वापरणं थांबवू का?

एका साध्या प्रश्नाला एवढं लागत नाही. गूगलने ऑगस्ट २०२५मध्ये आपल्या जेमिनी या एआयचा आकडा जाहीर केला: मजकुराच्या एका सर्वसाधारण प्रश्नाला ०.२४ वॉट-तास वीज आणि पाण्याचे सुमारे पाच थेंब. तुमचा डेस्कटॉप एवढी वीज नऊ सेकंदांत खातो. हा कंपनीने स्वतः दिलेला आकडा आहे आणि मॉडेल शिकवायला लागलेली वीज त्यात धरलेली नाही, हे लक्षात असू द्या. चित्रं आणि व्हिडिओ बनवायला कितीतरी जास्त लागते.

काळजी करायची ती एकूण बेरजेची. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते २०२४मध्ये जगभरच्या डेटा सेंटरनी (एआय आणि इंटरनेटच्या सेवा चालवणाऱ्या संगणकांच्या इमारतींनी) सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगाच्या विजेच्या दीड टक्का. २०३०पर्यंत हा आकडा दुपटीहून वर, ९४५ अब्जांपर्यंत जाईल असा तिचा अंदाज आहे. देशात सर्वाधिक डेटा सेंटर मुंबई-नवी मुंबईत आहेत. ऐरोली-महापे पट्ट्यातून जाताना खिडक्या नसलेल्या त्या प्रचंड इमारती दिसतात. त्यांना वीज कुठली, पाणी कुठलं, हे प्रश्न नागरिक म्हणून सरकारला आणि कंपन्यांना विचारायचे आहेत. एकेका माणसाने प्रश्न विचारायचं थांबवून ते सुटणार नाहीत.

१४. भंगारवाला घरी येऊन पैसे देऊन नेतो. त्याला दिलं तर काय बिघडतं?

भंगारवाला वाईट माणूस नाही. आपल्या शहरांत जे काही पुन्हा वापरात येतं ते त्याच्या आणि कचरावेचक बायांच्या कष्टांमुळे. रिकामं लोखंडी कॅबिनेट त्याला खुशाल द्या. सर्किट बोर्ड, बॅटरी, मॉनिटर आणि वायरींचे गुंडाळे मात्र देऊ नका.

या वस्तू पुढे हातोहात फिरत दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतात. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात. वायरींवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळलं की डायॉक्सिनसारखी विषं निघतात. बोर्डांतलं सोनं काढायला उघड्या हातांनी आम्लाचे टब वापरतात आणि उरलेलं पाणी गटारात सोडतात. मुरादाबादेत हेच रामगंगा नदीकाठी चालत आलं आहे. काचेच्या मॉनिटरमध्ये किलोवारी शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या दिव्यांत पारा असतो. तिथे काम करणाऱ्यांत लहान मुलंही असतात.

आणि माल वाया जातो तो वेगळाच. खाणीतल्या टनभर खडकात काही ग्रॅम सोनं असतं, टनभर सर्किट बोर्डांत त्याच्या कितीतरी पट. आम्लाच्या टबात त्यातलं थोडंच हाती लागतं, बाकीचे धातू गटारात जातात. २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचं रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद आहे.

१५. मग द्यायचा कुठे? आमच्या तालुक्यात असं काही नाही.

१ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार विकलेल्या मालाची शेवटपर्यंत जबाबदारी उत्पादक कंपनीची आहे. म्हणून पहिला फोन ज्या कंपनीचं यंत्र आहे तिच्या ग्राहक सेवेला करा आणि परत घेण्याची सोय विचारा. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर असते, महाराष्ट्रासाठी राज्य मंडळाकडेही विचारता येतं. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेकडे चौकशी करा.

तालुक्याच्या गावी सोय नसते हे खरं, आणि ही आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव आहे. तिथे एकेकट्याने न देता साठवा. गणेश मंडळ, वाचनालय, हाउसिंग सोसायटी यांनी वर्षातून एकदा संकलनाचा दिवस ठेवला आणि टेम्पोभर माल जमला, की पुनर्चक्रण करणारे स्वतः येतात. एक-दोन यंत्रांसाठी त्यांना परवडत नाही. माल देताना नोंदणी क्रमांक असलेली पावती मागा. पावती देत नसेल तर तो माल भंगारातच जाणार असं समजा.

१६. देण्याआधी आतला डेटा कसा पुसायचा? नुसतं डिलीट केलं तर पुरतं का?

पुरत नाही. फिरत्या हार्ड डिस्कवर सगळी जागा एकदा पूर्ण लिहून पुसली की घरगुती गरजेला पुरेसं आहे. विंडोजच्या रीसेटमध्ये ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय असतो, तो निवडा. त्याला काही तास लागतात. एसएसडीला ही रीत नीट लागू पडत नाही. तिथे बनवणाऱ्या कंपनीच्या टूलमधलं सिक्युअर इरेज वापरा. चालतच नसलेली डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि बाकी यंत्र द्या. डेटाच्या धास्तीने अख्खा लॅपटॉप माळ्यावर दहा वर्षं पडून राहतो, तेवढ्यात तो कुणाच्याच कामाचा उरत नाही.

१७. लॅपटॉपची बॅटरी फुगली आहे. काय करू?

ताबडतोब चार्जिंग काढा, यंत्र बंद करा. टोचू नका, दाबू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. फरशीवर किंवा वाळूच्या डब्यात, पडदे-गाद्यांपासून लांब ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला स्वतः नेऊन द्या. कुरिअर करू नका. फुगण्याचं मोठं कारण म्हणजे कायम १०० टक्के चार्ज ठेवून तापलेलं यंत्र. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सेटिंग असते, टेबलावरच वापरत असाल तर ती लावा.

बॅटऱ्यांना ई-कचऱ्याचे नियम लागू होत नाहीत, त्यांचे २०२२चे वेगळे नियम आहेत. यूपीएसची शिशाची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदारालाच द्या, किमतीत सूटही मिळते.

१८. जुने संगणक गावच्या शाळेला द्यावेत का?

चालू अवस्थेतले, जरूर. मला जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘दान’ म्हणून आलेले बंद संगणक खोलीभर पडलेले दिसले आहेत. गुरुजींना ते फेकताही येत नाहीत, कारण जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत) चढलेले असतात. देताना एसएसडी बसवून, लिनक्स टाकून, कीबोर्ड-माउससकट द्या आणि वर्षभर दुरुस्तीला येईन असा शब्द द्या. शाळेला विजेचं बिलही भरावं लागतं, म्हणून शक्य तर डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप द्या.

१९. आमची मोठी शिक्षणसंस्था आहे. आम्हाला कायद्याने काही बंधन आहे का?

एका आर्थिक वर्षात कधीही नियमांच्या यादीतली १,००० किंवा जास्त उपकरणं वापरात असतील तर तुम्ही ‘बल्क कन्झ्युमर’ ठरता. मग ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यावा लागतो. यादीत १०० हून अधिक प्रकारची उपकरणं आहेत, म्हणून फक्त संगणक मोजून थांबू नका. जुन्या सामानाचा लिलाव सर्वाधिक बोली लावणाऱ्याला करण्याची पद्धत इथे चालत नाही. निविदेतच नोंदणीची अट घाला.

२०. छतावर सोलर आहे. मग संगणक कितीही चालवला तर चालेल ना?

दिवसा वापरलात तर ते ०.७ किलो बऱ्याच अंशी वाचतात, हे चांगलंच आहे. पण जी युनिट तुम्ही वापरली नाहीत ती नेट मीटरिंगमधून ग्रिडला जातात आणि तेवढा कोळसा वाचतो. वाया घालवलेली वीज सोलरची असली तरी वायाच जाते. आणि यंत्र बनवताना झालेलं प्रदूषण छतावरच्या पॅनेलने कमी होत नाही. 

२१. अमेरिकेतला भाऊ त्याचे जुने लॅपटॉप आणि प्रिंटर इकडे पाठवतो म्हणतोय. मागवू का?

स्वतः येताना एक लॅपटॉप आणू दे. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय आणता येतो. सुटी बॅटरी असेल तर ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. कुरिअरने खोकाभर जुनी यंत्रं मागवू नका. वापरलेल्या इलेक्ट्रॉनिक मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, माल अडकतो. २०२५च्या सुरुवातीपासून बेसल कराराखाली (घातक कचऱ्याच्या ने-आणीवरचा आंतरराष्ट्रीय करार) सगळ्याच ई-कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीला पूर्वसंमती लागते. श्रीमंत देशांनी कचरा ‘वापरलेला माल’ म्हणून आपल्यासारख्या देशांत ओतू नये, यासाठीच ही तजवीज आहे.

लॅपटॉपचा चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो, इथे फक्त पिन बदलावी लागते. प्रिंटरचं तसं नाही. तिकडचे लेझर प्रिंटर बरेचदा फक्त ११०-१२० व्होल्टवर चालतात आणि इथल्या सॉकेटला लावताक्षणी जळतात. मागच्या लेबलवर २२० किंवा २४० हा आकडा नसेल, तर तो तिकडेच कुणाला तरी देऊन ये म्हणून भावाला सांगा.